प्रवेशपरीक्षेचे इंग्रजी शब्द : काय करावे, काय टाळावे

चेन्नईत राहून सीयूईटी, क्लॅट किंवा सॅट देणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी

काय करावे

सुरुवात करताना

• परीक्षा आधी ठरवा. तिन्ही परीक्षांत शब्द वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात.
• सीयूईटीसाठी समानार्थी, विरुद्धार्थी आणि योग्य शब्द निवडण्याचे प्रश्न रोज सोडवा. तिथे शब्द थेट विचारला जातो.
• क्लॅटसाठी सुमारे ४५० शब्दांचा उतारा एका बैठकीत वाचायची सवय लावा. तिथे शब्दाचा अर्थ उताऱ्यातूनच काढायचा असतो.
• सॅटसाठी २५ ते १५० शब्दांचे छोटे उतारे घ्या; एका उताऱ्यावर एकच प्रश्न असतो, एक शब्द अडला की तो प्रश्न हातचा जातो.
• सीयूईटीत भाषेचा पेपर १३ भाषांमधून निवडता येतो आणि त्यांत मराठी व तमिळही आहेत. हव्या त्या अभ्यासक्रमाला इंग्रजीच लागते का, हे अर्ज भरण्याआधी पाहा.
• अधिकृत नमुना पेपर पहिल्याच आठवड्यात सोडवा आणि अडलेले शब्द उतरवून घ्या. हीच तुमची पहिली शब्दयादी.
• एनटीए (सीयूईटी), राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ (क्लॅट) आणि कॉलेज बोर्ड (सॅट) यांचे मोफत सराव साहित्य आधी संपवा, पुस्तकांवर पैसे नंतर खर्च करा.
• रोज आठ-दहा नवे शब्दच घ्या; त्याहून जास्त घेतले तर उजळणीला वेळ उरत नाही.
• हवीच असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दांची यादी घ्या. तिच्यात ५७० शब्दकुळे आहेत आणि कॉलेजच्या पुस्तकांत तीच पुन्हा पुन्हा भेटतात.

वहीत काय लिहावे

• शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य पूर्ण लिहा. परीक्षेत शब्द वाक्यासकटच येतो.
• नाम, क्रियापद की विशेषण, हे बाजूला लिहा. रिकाम्या जागेतले काही पर्याय एवढ्यावरच बाद होतात.
• शब्दामागोमाग येणारे प्रीपोझिशन त्याच ओळीत लिहा: 'अव्हर्स टू', 'डिव्हॉइड ऑफ', 'कन्ड्युसिव्ह टू', 'कॉम्पॅटिबल विथ'.
• शब्दाच्या संगतीला कोण येते तेही लिहा: 'मिटिगेट'पुढे 'रिस्क', 'ॲलिव्हिएट'पुढे 'पेन'.
• समासात खूण करा, स्तुतीला अधिक, निंदेला उणे, तटस्थाला शून्य. अर्थ विसरला तरी ही खूण दोन पर्याय कमी करून देते.
• एका कुळातले शब्द एका पानावर ठेवा: 'क्रीडन्स', 'क्रेड्युलस', 'इन्क्रेड्युलस', 'क्रेडेन्शियल'.
• जवळच्या अर्थाचे शब्द कमी-जास्त तीव्रतेच्या क्रमाने लावा: 'थ्रिफ्टी', 'फ्रूगल', 'पार्सिमोनियस', पहिले दोन गुण आहेत, तिसरा दोष.
• उच्चार देवनागरीत लिहून ठेवा: 'एपिटमी', 'हायपर्बली', 'सटल', 'फसाड', स्पेलिंगवरून काढलेला उच्चार इथे हमखास चुकतो.
• फसवणाऱ्या जोड्यांसाठी वहीची शेवटची पाने राखून ठेवा आणि ती दर रविवारी वाचा.
• 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्ष, 'अनइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला, असे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी लिहा.
• 'एमिनंट' (नामवंत) आणि 'इमिनंट' (येऊ घातलेला), 'इल्यूड' (निसटणे) आणि 'अल्यूड' (आडून उल्लेख करणे), 'इन्जीनिअस' (कल्पक) आणि 'इन्जेन्युअस' (निष्कपट) याच पानांवर ठेवा.
• 'कॉम्प्लिमेंट' मधल्या 'ई'ने पूरक होतो आणि 'आय'ने प्रशंसा. अशा जोड्यांत फरक करणारे अक्षर लाल शाईने लिहा.
• दिसतात एक आणि निघतात दुसरेच, असे शब्द वेगळे काढा: 'एनर्व्हेट' म्हणजे शक्तिहीन करणे, 'नॉइसम' म्हणजे दुर्गंधीयुक्त, 'रेस्टिव्ह' म्हणजे अस्वस्थ.
• उलटसुलट दोन्ही अर्थ असलेले शब्द दोन वाक्यांत लिहा: 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि दंडात्मक निर्बंधही, 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही.
• ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ सगळ्यांत आधी शिका. सॅटमध्ये असे अर्थ विचारतात.
• 'क्वालिफाय' म्हणजे विधानाला मर्यादा घालणे, 'टेम्पर' म्हणजे सौम्य करणे, 'अरेस्ट' म्हणजे थांबवणे, 'चॅम्पियन' म्हणजे हिरिरीने पुरस्कार करणे, 'रिझर्व्हेशन' म्हणजे मनातली शंका, 'ऑब्टेन' म्हणजे प्रचलित असणे: हे सहा आजच लिहा.

मराठीचा आधार घ्यावा

• इंग्रजी अर्थाखाली मराठी अर्थ लिहा आणि तो बोलीतला, नेमका निवडा. शब्दकोशातला जड प्रतिशब्द डोक्यात टिकत नाही.
• 'रेटिसंट'ला 'अबोल' लिहून भागवू नका, 'हातचे राखून बोलणारा' लिहा. 'अबोल' 'टॅसिटर्न'साठी ठेवा.
• 'ऑब्सिक्विअस'पुढे 'हांजी हांजी करणारा', 'गॅर्युलस'पुढे 'वटवट करणारा', 'इक्विव्होकेट'पुढे 'गुळमुळीत बोलणे' असे लिहा. छटा आपोआप बसते.
• 'फास्टिडिअस' म्हणजे चोखंदळ, 'प्रोक्रॅस्टिनेट' म्हणजे चालढकल करणे, 'ऑस्टेन्टेशस' म्हणजे बडेजाव मिरवणारा, 'ॲक्विएस' म्हणजे मनात नसताना मान तुकवणे.
• एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द मिळत नसेल तर अख्खे वाक्य लिहा; 'ॲम्बिव्हॅलंट'साठी 'हवेही वाटते आणि नकोही' यापेक्षा नेमके काही नाही.
• अर्थ आधी तमिळमध्ये सुचला तर तमिळमध्ये लिहा. शब्द पक्का झाल्याशी मतलब.
• घरी तंजावरी मराठी बोलत असाल तर तीच वहीत वापरा. ती पुण्याच्या मराठीसारखी नाही म्हणून बाजूला ठेवू नका.
• मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) उघडा आणि मराठी शब्दावरून इंग्रजीकडे या. एका मराठी शब्दापुढे छटांसकट कितीतरी इंग्रजी शब्द तिथे मिळतात.
• मोल्सवर्थमधले इंग्रजी आजच्या कोशात तपासूनच वहीत घ्या. त्यातले बरेच शब्द आता वापरात नाहीत.
• आजीला शब्दाचा अर्थ मराठीत सांगून पाहा. तिला समजला तर तुम्हाला समजला.
• आई-वडिलांना इंग्रजी येत नसले तरी उजळणी त्यांच्याकडूनच करून घ्या. कार्डाची मराठी बाजू त्यांनी वाचावी, इंग्रजी शब्द तुम्ही सांगावा.
• सावकारपेठेत घरच्या गलाईच्या दुकानावर बसावे लागत असेल तर पाच कार्डे खिशात ठेवा. गिऱ्हाईक नसताना एक फेरी होते. खानापूर-आटपाडीकडून आलेल्या कितीतरी घरांत अभ्यासाला मिळणारा वेळ एवढाच असतो आणि तो पुरतो.

मूळ धातू

• लॅटिन-ग्रीक मुळे वीस-पंचवीसच शिका, पण प्रत्येकाचे चार शब्द करा.
• 'बेने' (चांगले) आणि 'मॅल' (वाईट) यांची जोडी लावा: 'बेनेव्हलंट' आणि 'मॅलेव्हलंट'.
• 'लॉक्व' म्हणजे बोलणे हे धरून 'लोक्वेशस', 'इलोक्वंट', 'सर्कमलोक्यूशन' एकत्र पाठ करा.
• 'स्पेक' म्हणजे पाहणे. 'सर्कमस्पेक्ट' म्हणजे चारी बाजूंनी पाहणारा, अर्थात सावध, असे फोडून लिहा.
• शाळेत संस्कृत घेतले असेल तर नाते जोडा: 'डेंट' आणि दंत, 'पेड' आणि पद, 'जेन' आणि जन, 'नोव्ह' आणि नव, 'डोन' आणि दान, 'इग्निस' आणि अग्नी. हे आवाजाचे साम्य योगायोगाचे नाही, दोन्हीकडचे शब्द एकाच पूर्वज भाषेतून आले आहेत.
• मुळावरून काढलेला अर्थ दर वेळी कोशात पडताळा. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे अनमोल, बिनमोलाचा नव्हे; आणि 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेटणारा, तिथे 'इन' नकार देत नाही.

कुठे आणि काय वाचावे

• 'द हिंदू'चा अग्रलेख रोज वाचा आणि त्यातले तीनच शब्द उचला. १८७८ पासून याच शहरातून निघणारे हे पत्र आजही चेन्नईत घरोघरी येते.
• अग्रलेख वाचून झाला की लेखक बाजूने आहे, विरोधात आहे की द्विधा आहे, ते एका शब्दात लिहा. उताऱ्याच्या प्रश्नांत हाच शब्द पर्याय म्हणून येतो.
• सूर सांगणारे शब्द वेगळे शिका: 'स्केप्टिकल', 'सार्डॉनिक', 'डायडॅक्टिक', 'लॉडेटरी', 'इन्डिफरंट', 'सिनिकल'.
• आठवड्याला एक लांब लेख वाचा. चेन्नईतूनच निघणारे 'फ्रंटलाइन' यासाठी चांगले.
• आर. के. नारायण वाचनाचा वेग येण्यासाठी वाचा. १९०६ साली याच शहरात जन्मलेल्या या लेखकाचे इंग्रजी सोपे आहे, अवघड शब्द दुसरीकडून घ्या.
• क्लॅट देणाऱ्यांनी डॉ. आंबेडकरांचे संविधान सभेतले २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण मूळ इंग्रजीत वाचावे. युक्तिवादाचे इंग्रजी कसे चालते ते तिथे दिसते.
• व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांची भाषणे मिळाली तर सोडू नका. तमिळ मुलखातला हा वक्ता गोखल्यांनंतर पुण्याच्या भारत सेवक समाजाचा अध्यक्ष झाला आणि इंग्रजी वक्तृत्वासाठी जगभर ओळखला गेला.
• मद्रास उच्च न्यायालयाचा एखादा निकाल संकेतस्थळावरून उतरवून पहिली चार पाने वाचा. 'मेंटेनेबल', 'प्रायमा फेसी', 'ॲड्ज्युडिकेट' हे शब्द तिथे कामाला लागलेले दिसतात.
• सॅट देणाऱ्यांनी विज्ञानावरचे छोटे लेख आणि एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांची पाने आलटून पालटून वाचावीत. उतारे दोन्हीकडून येतात.
• कोट्टूरपुरमच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात आठवड्यातून एक पूर्ण दिवस बसा. स्वतःची पुस्तके घेऊन वाचत बसायला तिथे वेगळी जागा आहे.
• जायला बीच-वेलाचेरी लोकल धरा. कोट्टूरपुरमला स्टेशन आहे आणि प्रवासात पंधरा कार्डे होतात.
• एग्मोरचे कोन्नेमारा ग्रंथालय (१८९६) जुन्या पुस्तकांसाठी ठेवा.
• सेकंडहँड पुस्तके सेंट्रल स्टेशनजवळच्या अल्लीकुळम संकुलात पाहा. १९८५ ला मूर मार्केट जळाल्यावर तिथले पुस्तकवाले इकडे आले.
• नंदनमच्या वायएमसीए मैदानावर जानेवारीच्या सुमारास भरणाऱ्या पुस्तक प्रदर्शनाला यादी घेऊनच जा.
• एकच पुस्तक घ्यायचे असेल तर नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' (१९४९) घ्या आणि ते पेन्सिल हातात धरून सोडवा; नुसते वाचायचे ते पुस्तक नाही.
• शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश वापरा, ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स किंवा केंब्रिज. त्यांत सोपा अर्थ आणि उदाहरणवाक्य दोन्ही असतात.
• सॅटसाठी जोडीला मेरियम-वेब्स्टर ठेवा. अमेरिकी स्पेलिंग आणि वापर तिथे मिळतो.
• थकलात तर 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) चाळा. 'कॅटमरॅन' तमिळमधून आणि 'मंगूस' मराठी मुंगसावरून इंग्रजीत कसे गेले ते कळेल. त्याच्या दोन कर्त्यांपैकी बर्नेल तंजावरला न्यायाधीश होते आणि तिथल्या मराठी राजांच्या वाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यांनीच केली.

उजळणी

• नवा शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पाहा. विसरायच्या बेतात असताना आठवलेला शब्द टिकतो.
• कार्डांसाठी पाच कप्पे करा. आला तो पुढच्या कप्प्यात, अडला तो पुन्हा पहिल्यात.
• मोबाइलवर करायचे असेल तर 'अंकी' हे ॲप वापरा, पण कार्डे स्वतः तयार करा.
• अर्थ वाचण्याआधी तो तोंडाने सांगा. नुसते पाहून 'हो, माहीत आहे' म्हणणे ही उजळणी नव्हे.
• रोज नव्या शब्दांपैकी तीन वापरून तीन वाक्ये लिहा, आणि वाक्ये स्वतःच्या आयुष्यावरची असू द्या.
• लिहिलेली वाक्ये आठवड्याला एकदा शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवा. शब्दाची चुकीची संगत कोशापेक्षा माणसाला लवकर दिसते.
• मित्र-मैत्रिणींशी वही बदला आणि एकमेकांना शब्द विचारा.

सराव पेपर आणि परीक्षा

• पर्याय वाचण्याआधी रिकाम्या जागेत स्वतःचा शब्द भरा, मराठी सुचला तरी चालेल, मग त्याला जुळणारा पर्याय शोधा.
• वाक्यातले 'दो', 'यट', 'हाउएव्हर', 'डिस्पाइट' अधोरेखित करा. अर्थ उलटतो तो याच शब्दांवर.
• निवडलेला पर्याय वाक्यात घालून पूर्ण वाक्य मनात वाचा.
• चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: शब्द माहीत नव्हता, छटा चुकली, की वाक्यच नीट वाचले नाही.
• गुणांचे नियम पाठ ठेवा: सीयूईटीत बरोबरला पाच आणि चुकीला उणे एक, क्लॅटमध्ये एक आणि उणे पाव, सॅटमध्ये चुकीला काहीच जात नाही.
• सॅटमध्ये एकही प्रश्न रिकामा सोडू नका. क्लॅट-सीयूईटीत दोन पर्याय नक्की बाद झाले की उरलेल्यांतला एक निवडा.
• सीयूईटीत २०२५ पासून ६० मिनिटांत ५० प्रश्न आणि सगळे सक्तीचे. शब्दांच्या प्रश्नाला अर्ध्या मिनिटाहून जास्त देऊ नका.
• सॅटचे पहिले २७ प्रश्न शांतपणे सोडवा. दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी त्यांवर ठरते.
• सॅटसाठी लागणारे 'ब्लूबुक' ॲप आधीच बसवा, त्यातला एक पूर्ण सराव पेपर सोडवा आणि लॅपटॉप रात्रीच पूर्ण चार्ज करा.
• क्लॅटच्या दिवशी पाऊस गृहीत धरून निघा. २०२३ मध्ये ती ३ डिसेंबरला होती आणि मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस त्याच दिवसांतला, २०२४ मध्ये १ डिसेंबरला आणि फेंजल चक्रीवादळ आदल्याच रात्री किनाऱ्याला लागले होते.
• प्रवेशपत्र आणि ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा, केंद्राचा रस्ता आदल्या दिवशी पाहून घ्या आणि दुसरा रस्ताही माहीत असू द्या.
• सीयूईटी अग्निनक्षत्राच्या उन्हात येते. दुपारची पाळी असेल तर तासभर आधी पोहोचून सावलीत बसा.

काय टाळावे

शिकताना

• तीन हजार शब्दांची यादी 'ए'पासून पाठ करत सुटू नका. 'सी' येईपर्यंत 'ए' पुसला जातो.
• शब्द एकटा, एका अर्थासह, लिहू नका.
• समानार्थी म्हणजे तोच अर्थ असे धरू नका. 'स्लेंडर' आणि 'स्किनी' दोन्ही बारीकच, पण एक ऐकून माणूस सुखावतो आणि दुसरे ऐकून दुखावतो.
• दुसऱ्याची वही झेरॉक्स करून अभ्यास करू नका. त्यातली वाक्ये तुम्हाला भेटलेली नसतात.
• जीआरईच्या जुन्या जाड याद्या हाती घेऊ नका; ती परीक्षा पदवीनंतरची आहे आणि तिचे कितीतरी शब्द तुम्हाला विचारले जाणार नाहीत.
• रोज एक शब्द दाखवणाऱ्या ॲपवर विसंबू नका. तो शब्द पुन्हा भेटेल याची काळजी ॲप घेत नाही.
• गमतीदार गोष्टी रचून शब्द लक्षात ठेवण्याचा उपाय सगळ्या शब्दांना लावू नका. गोष्ट आठवते, छटा हरवते.
• लघुसंदेशातले इंग्रजी सराव म्हणून धरू नका.
• एका बैठकीत तासाहून जास्त वेळ शब्दांना देऊ नका. उरलेला वेळ वाचनाला द्या.
• व्याकरण सोडून शब्दांमागे लागू नका. 'डिस्कस अबाउट' लिहिणाऱ्याला 'पर्स्पिकेशस' येऊन उपयोग नाही.
• 'प्रिफर'नंतर 'दॅन' लावू नका, 'टू' लावा. ही चूक सगळीकडे ऐकू येते, म्हणून कान बरोबर समजतो.
• 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन' हे आपल्याकडचे प्रयोग अमेरिकी परीक्षेत बरोबर उत्तर म्हणून धरू नका. बोलताना खुशाल वापरा.
• उच्चारावरून कोणी हसले तर बोलणे थांबवू नका, आणि तुम्हीही कोणाच्या तमिळ किंवा मराठी वळणावर हसू नका. कोशातला उच्चार पाहा आणि पुढे चला.

वाचताना

• प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबू नका. आधी परिच्छेद संपवा, अर्थाचा अंदाज बांधा, मग कोश उघडा.
• मोबाइलवर शब्द दाबून अर्थ पाहिला म्हणजे तो शिकला, असे समजू नका.
• यंत्राने केलेल्या मराठी भाषांतराचा अर्थ वहीत उतरवू नका. छटा तिथेच बिघडते.
• अग्रलेखातले सगळे अवघड शब्द गोळा करू नका. चौथा शब्द उचलला की पहिल्या तिघांवरची पकड सुटते.
• मराठी वर्तमानपत्र बंद करू नका. ज्याची मराठी शब्दसंपत्ती तोकडी, त्याला इंग्रजी छटा ठेवायला घरात जागा नसते.
• 'द हिंदू'चे कूट शब्दकोडे अभ्यास म्हणून सोडवू नका. छंद म्हणून उत्तम आहे, परीक्षेला तसे काही येत नाही.
• न आवडणारे पुस्तक अभिजात आहे म्हणून ओढत नेऊ नका; दुसरे घ्या.

घरच्यांनी

• घरातले मराठी थांबवून मुलांशी मोडके इंग्रजी बोलू नका. शब्द वाढत नाहीत आणि मराठीही जाते.
• शेजारच्या मुलाला किती शब्द येतात हे जेवताना काढू नका.
• क्लासचे पैसे भरले म्हणून क्लासची यादी मुलीने पाठ केलीच पाहिजे, असा आग्रह धरू नका. तिची स्वतःची यादी जास्त उपयोगाची आहे.
• मुलगी अग्रलेख वाचत बसली असताना तिला दुकानातल्या हिशेबाला उठवू नका, आणि मुलगा वाचत असताना तिलाच उठवू नका.
• इंग्रजी माध्यमात आहे म्हणजे येतच असेल, असे समजू नका. शाळेच्या पुस्तकातला शब्द आणि परीक्षेतला शब्द यांत बरेच अंतर असते.

पेपर सोडवताना

• पर्याय सगळ्यांत अवघड दिसतो म्हणून निवडू नका. नेमका शब्द पुष्कळदा साधाच असतो.
• उताऱ्यात आलेला शब्द पर्यायातही दिसला म्हणून तो बरोबर धरू नका. हा जुना सापळा आहे.
• शब्दाचा तुम्हाला आधी माहीत असलेला अर्थ वाक्यावर लादू नका. वाक्य काय मागते ते पाहा.
• 'समानार्थी' आणि 'विरुद्धार्थी' हे शब्द न वाचता उत्तर देऊ नका. घाईत गुण जातात ते इथेच.
• 'नॉट' आणि 'एक्सेप्ट' असलेले प्रश्न एका वाचनात सोडवू नका.
• एका शब्दावर अडून बसू नका. खूण करा, पुढे जा, शेवटी परत या.
• पहिले उत्तर कारण नसताना बदलू नका. वाक्यात नवा पुरावा दिसला तरच बदला.
• रोज पूर्ण पेपर सोडवू नका. चुका तपासायला एक दिवस मोकळा ठेवा.

शेवटच्या आठवड्यात

• नवे शब्द घेऊ नका. चुकलेले आणि फसवणाऱ्या जोड्या एवढेच वाचा.
• 'हे शंभर शब्द येणारच' असे फिरणारे संदेश उघडू नका.
• आदल्या रात्री जागू नका. उताऱ्याला शुद्धीवर असलेला वाचक लागतो.
• केंद्राबाहेर उभे राहून दुसऱ्यांच्या वह्या पाहू नका. न पाहिलेला एक शब्द दिसला की माहीत असलेले दहा डळमळतात.
• दोन पाळ्यांत दोन पेपर असतील तर मधल्या वेळेत पहिल्या पेपरातले शब्द कोशात शोधत बसू नका. दही-भात खा, पाणी प्या आणि डोळे मिटून पडा.